शिजवलेला वायतुरा

माझ्या मेव्हण्याने मला फसवले. शिजवलेले कंद जिवंत आहेत असे भासवून त्याने ते माझ्या हातात ठेवले, ते उगवले की आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगलीला आणून सोडतो असा शब्द दिला, आणि मला अर्धा पावसाळा एका काचेच्या टाकीसमोर बसवून ठेवले. कंद उगवणार नव्हते. माझी बायको परत आली नाही. हा प्रसंग आमच्या पै-पाहुण्यांत अजून सांगितला जातो आणि सांगताना लोक हसतात, म्हणून तो जसा झाला तसा मी लिहून ठेवतो आहे.

मी मूळचा वडूजकडचा. आमच्या रानात बाजरी आली तर आली, नाहीतर दुसऱ्याच्या मेंढरांमागे हिंडायचे. मिसरूड फुटायच्या आधी मी सांगलीत आलो आणि हळदीच्या पेठेत पोती उचलू लागलो. पोत्याखालचा माणूस पुढे स्वतःच्या गादीवर कसा बसला ते सांगत बसत नाही, पण कोणी हात धरून बसवले नाही. एका मापाड्याने मला वजनात मारायला पाहिले, तेव्हा मी तराजूची दांडी काढून तिनेच त्याचा खांदा मोडला होता. खांदा बांधून तो पुन्हा कामावर आला आणि त्यानंतर माझा माल त्याने कायम बरोबर तोलला. पेठ मला भिऊन होती. भिऊन होती म्हणून माझ्याशी खरे बोलत होती. दुसऱ्या कुठल्या उपायाने माणसे खरे बोलतात हे मला तरी कोणी दाखवलेले नाही.

लग्न उशिरा झाले. बायको साताऱ्याच्या पश्चिमेकडची, सड्याखालच्या एका वाडीतली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साचते, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. तिचा बाप ती लहान असतानाच गेला होता. घरात थोरला भाऊ होता तो फौजेत. त्याच्या रजेतच लग्न उरकले आणि तो लढाईवर गेला. मी त्याला पाव्हणं म्हणायचो, तो मला दाजी.

काचेची टाकी माझ्याकडे आली ती सौद्यात. संस्थानात नोकरीला असलेला एक साहेब गाव सोडून निघाला होता, त्याचे सामान मी घेतले. टेबल, खुर्च्या, पितळी पलंग. सगळे जुळल्यावर मी कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट केले आणि म्हणालो, "हे वर." साहेब म्हणाला, ती द्यायची नाही, माझ्या आवडीची आहे. मी उठलो आणि दाराकडे चालू लागलो. पायरी उतरायच्या आत त्याने हाक मारली. लाल मासेसुद्धा टाकीतच राहिले.

ती मी सोप्यात ठेवली. लोखंडी चौकट, जाड काचा, तळाला फरशी, सांध्यांना काळे डांबर. आलेगेले बघत राहायचे आणि मला ते बरे वाटायचे. बायकोला मात्र बरे वाटले नाही.

"उघड्यावर बसवल्यावाणी दिसत्यात मासं," ती म्हणाली. "कुटं आडोसा न्हाई का काय न्हाई. ह्यात हिरवं पायजे."

अक्षय तृतीयेला ती माहेरी गेली आणि येताना ओल्या फडक्यात बांधून कंद घेऊन आली. सुपारीपेक्षा थोडे मोठे, काळपट, वर केस असलेले. मला वाटले जनावराच्या खुराला लागलेली घाण आहे.

"ह्यो वायतुरा," ती म्हणाली. "सड्यावरच्या डबऱ्यातला. गुरं राखाय जायचो तवा उकरून खायचो आमी."

"इथल्या उन्हात जगंल का?"

"ह्याला काय हुत न्हाई. म्हशीनं तुडवलं तरी उगवतंय. समदा उनाळा वाळल्या चिखलात पडून ऱ्हातंय, तरी उगवतंय."

कृष्णेच्या पात्रातली जाड वाळू तिने धुऊन धुऊन घेतली, पाण्याचा गढूळपणा पार जाईपर्यंत. ती टाकीच्या तळाला अंथरली आणि कंद त्यात अर्धे रुतवले, मुंडी वर ठेवून. पुरा गाडला की कुजतो, असे ती म्हणाली. दुपारचे ऊन काचेवर पडले की शेवाळ धरते म्हणून हमालांकडून टाकी उचलवून तिने पूर्वेच्या खिडकीखाली नेली. आडाचे पाणी एकदम ओतायची नाही, घागरीत ठेवून निवळू द्यायची आणि मग ओतायची. पाऊस सुरू झाला तसा एका कंदातून तांबूस कोंब आला. मग दुसऱ्यातून. पाने निघाली ती फितीसारखी लांब, कडांना चुण्या पडलेली, अशी हिरवी की आतले मासे आणखी लाल दिसू लागले. मासे पानांची टोके कुरतडायचे, झाड नवे पान काढायचे. नागपंचमीच्या सुमारास एक दांडा पाण्याबाहेर आला आणि त्याच्या टोकाला फूल फुटले, सापाच्या जिभेसारखे दुभंगलेले, पांढरट जांभळे. नाग पुजतात त्या शिराळ्याहून आलेले एक गिऱ्हाईक ते बघून हात जोडून उभे राहिले. पेठेतल्या कोणाच्या घरी असे काही नव्हते.

दिवाळीनंतर पाने पिवळी पडून विरघळू लागली. मी ओरडलो की झाड मारलेस. तिने कंद वर काढले, पुसले, ओलसर वाळूच्या मडक्यात घातले आणि मडके रांजणामागे सावलीत ठेवले.

"मेलं न्हाई, निजलंय. पाऊस आला की आपसूक उठंल."

आणि उठले. दरवर्षी कंद वाढत गेले.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शिमग्याच्या आगेमागे आमच्या वखारीच्या अंगणात हळद शिजायची. मोठ्या काहिलीत ओली हळद घालायची, वर पाला झाकायचा, खाली जाळ. मग ती उन्हात वाळत घालायची. बायको ते बघायला यायची आणि तिला सगळे विचारायची सवय होती. मी तिला दाखवले की पुढच्या लावणीचे बेणे काहिलीपासून लांब का ठेवायचे. बेण्याला एकदा उकळी लागली की ते संपले. साल तीच राहते, रंग तोच राहतो, सावलीत सुकवले तर वरून कोणाला कळणार नाही, पण ते पुन्हा उगवत नाही. वरून बघून सौदा करणारा व्यापारी नव्हे, मोडून बघायचे असते. तिने एक कच्चे आणि एक शिजलेले हळकुंड मोडून बघितले. दोन्ही तुकडे बराच वेळ हातात धरून होती.

मग ते आषाढातले प्रकरण झाले. आमच्याकडे हळद जमिनीखालच्या पेवात साठवतात. माझ्या एका पेवाचे तोंड मुकादमाने नीट लिंपले नव्हते. पाणी शिरले आणि आतली हळद सडली. मी त्याला घरी बोलावले. तो सोप्यात उभा राहिला आणि म्हणाला,

"पावसाला मी काय करू, मालक? त्यो काय माझं ऐकतोय व्हय?"

असे म्हणून तो हसला. तो हसला नसता तर पुढचे काही झाले नसते. दाराला अडण म्हणून एक जुने लोखंडी वजन ठेवलेले असायचे, ते मी उचलून फेकले. तो खाली वाकला. वजन टाकीवर बसले.

काच फुटण्याचा आवाज मला आठवत नाही, पाण्याचा आठवतो. सोपा एका झटक्यात पाण्याने भरला, मासे जमिनीवर तडफडू लागले आणि वायतुरा मुळासकट उंबऱ्याशी जाऊन पडला. बायको आतून धावत आली आणि गुडघ्यांवर बसून मासे गोळा करू लागली. मी मुकादमाची मानगूट धरली होती. त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, मी त्याच्या पोटात लाथ घातली, तो मागे कोसळला आणि कोसळला तो तिच्या हातावर. हाताखाली काचेचा तुकडा होता.

मी तिला बोट लावले नाही. हे मी तेव्हा सांगितले, पुढे चार माणसांत सांगितले आणि आत्ताही सांगतो. वजन मुकादमावर फेकले होते, लाथ मुकादमाला घातली होती. रक्त मुकादमाचेही निघाले, त्याचे दोन दात मी त्याला वेचायला लावले.

डॉक्टरने हात शिवला, पण तळव्यातली शीर तुटली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट नंतर कधी वाकले नाही. भाकरी थापताना ती दोन बोटे वेगळी उभी राहायची. डाव्या हाताने तिने कंद वेचले, मडक्यात ठेवले, आणि पंचमीला माहेरी निघाली तेव्हा मडके कडेवर घेऊन गेली. पंचमीला सगळ्याच जातात, म्हणून मी काही विचारले नाही.

गौरी झाल्या, दसरा झाला, दिवाळी झाली. मी निरोप धाडले, उत्तर नाही. दरम्यान लढाई संपून फौजा घरी आल्या होत्या आणि मेव्हणाही वाडीत परतला होता.

उन्हाळ्यात मी माझ्या चुलत्याला आणि आमच्या भावकीतल्या एका वडीलधाऱ्याला घेऊन साताऱ्याला गेलो, तिथून पायी वाडीला. मेव्हणा अंगणात दोरी वळत बसला होता. फौजेत जाताना काडी होता, येताना खांब होऊन आला होता.

"या दाजी. च्या घ्या."

"च्या प्यायला आलो न्हाई. गठुडं बांधायला सांगा तिला."

"सांगू की. गडबड काय हाय?" दोरी वळणे त्याने थांबवले नाही. "हात बघितलासा का तिचा?"

"मी तिच्यावर फेकलं न्हाई."

"कुणावर का फेकंना. लोखंड हुतं, फूल न्हवं."

चुलते मध्ये पडले. "झालं गेलं, पोरा. लेक तिच्या घरी बरी."

"व्हय की, तात्या. मी कुटं न्हाई म्हंतोय?" मग तो माझ्याकडे वळला. "दाजी, टाकी नवी करा. कंद देतो, ते न्या. वायतुऱ्याला फूल आलं की निरोप धाडा. मी सोता तिला घिऊन येतो सांगलीला. न्हाई आलं तर न्हाई."

"मी बायको न्यायला आलोय, पाला न्हाई."

"तुमच्या हाताखाली कायतरी जगतंय, येवढं बघू द्या मला. मग न्या."

मला हात उचलावासा वाटला होता. पण मी सौदेगार माणूस. डोके शांत करून हिशेब केला. ज्या झाडाला म्हशीने तुडवले तरी काही होत नाही ते उगवायला कितीसा वेळ लागणार? पाऊस तोंडावर होता. शर्त माझ्या फायद्याची होती, आणि फायद्याचीसुद्धा शर्त कमी करून घ्यायची ही माझी सवय. आमच्या पेठेत हळदीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटे दाबायची, बघणाऱ्याला काही कळत नाही. दाराआड बायको उभी होती. तिच्या येण्याचा सौदा तिच्या कानावर जाऊ नये असे मला वाटले. मेव्हण्याच्या कानाशी लागून मी सांगितले, एक बोट म्हणजे कोंब, दोन म्हणजे पान, तीन म्हणजे फूल. आणि उपरणे टाकले.

त्याने तीन बोटे दाबली. मी एक दाबले. त्याने पुन्हा तीन. त्याचा हात दगडासारखा होता. मी एकच धरून बसलो. मग एकाएकी त्याने दोन दाबली आणि हात काढून घेतला. सौदा पानावर ठरला.

"काय ठरलं?" चुलत्यांनी विचारले.

"ठरलं," मी म्हणालो.

तिथेच मला कळायला हवे होते. जो माणूस एवढ्या सहज खाली येतो त्याला आपल्या मालाची किंमत नसते, कारण माल खोटा असतो. पेठेत मी असा हात लगेच ओळखला असता. पण पेठेत माझी बायको दाराआड नसायची.

तो उठून आत गेला आणि फडक्यात बांधलेले कंद घेऊन आला. मी हुंगले, चिमटीत दाबले, साल नखाने खरवडली. मोडून बघितले नाही. मूठभर होते. हळदीच्या ढिगातले एक हळकुंड मोडले तर ढीग तसाच राहतो, इथे प्रत्येक कंद म्हणजे तिच्या येण्याची एक वाट होती. मोडायला माझा हात झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माल न मोडता घेतला.

काच मिळेना. लढाईनंतर खिडकीची काच मिळायची मारामार, तिथे टाकीची जाड काच कुठली? मिरजेत एक फोटोवाला दुकान मोडत होता, त्याच्या दर्शनी भागाची काच मी काढून आणली. लोहाराकडून चौकट करून घेतली. वाळू स्वतः धुतली, नदीवर उकिडवा बसून, बायकांच्या शेजारी. धुणे धुणाऱ्या एकीने विचारले, "सावकार, वाळूची भाकरी करताय काय?" पुरुषाने विचारले असते तर नदीत बुडवला असता. कंद अर्धे रुतवले, मुंडी वर. पूर्वेची खिडकी. घागरीत निवळलेले पाणी.

पाऊस आला. मी रोज पेठेत जायच्या आधी आणि आल्यावर टाकीसमोर बसायचो. कोंब नाही. मला वाटले, प्रवासात हलले असतील. पाण्यावर तवंग आला, वास येऊ लागला. मला वाटले, आडाच्या पाण्यात दोष आहे. पाणी आणणाऱ्या कोळ्याला मी पायरीवरून ढकलून दिले, त्याची घागर त्याच्याच गुडघ्यावर फुटली. दुसऱ्या आडाचे पाणी आणवले. मासे मेले. नवे आणले, तेही पोट वर करून तरंगले. एका हमालाने टाकीला टेकून तंबाखू मळली, त्याला मी कानशिलात मारली तेव्हा त्याच्या कानातून रक्त आले. माझ्या गादीवरचा कारकून काम सोडून गेला. मी झोपेतही दात खातो असे स्वयंपाकीणबाई सांगू लागली. आणि एवढे होऊनही मी टाकीला हात लावला नाही. राग आला की बाहेर जायचो, बाहेर जे हाताला लागेल त्याच्यावर काढायचो, आणि परत येऊन टाकीसमोर गप्प बसायचो. पान यायला हवे होते. पान आले की ती येणार होती.

पंचमी आली. जुनी टाकी होती तेव्हा दरवर्षी याच दिवसांत फूल डुलायचे. मी पाण्यात हात घातला आणि एक कंद उचलला. साल सुटून बोटांना चिकटली. मी तो मोडला.

कच्चा कंद आतून पांढरा असतो, पिठूळ, मोडताना कट् करतो. हा मेणासारखा होता, आरपार एकसारखा, काचेसारखी चमक असलेला. मी दुसरा मोडला. तिसरा मोडला. सगळे एकजात. आयुष्यभर हळद मोडणाऱ्या माणसाला यात विचार करायला काही नव्हते. उकळी लागून सावलीत सुकवलेला माल होता.

ते तुकडे मी फडक्यात बांधले आणि तसाच निघालो. सातारा रोड स्टेशनला गाडीतून उतरलो, मोटारीने साताऱ्याला आलो आणि पुढे चालत. पाऊस डोळे उघडू देत नव्हता. वाडीला पोचलो तेव्हा मेव्हणा भातखाचरातून येत होता, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. मी फडके त्याच्या तोंडावर फेकले.

"हे काय दिलं मला?"

त्याने एक तुकडा उचलून बघितला. "आरं तिच्या! तुमी पेरलं व्हय हे?" तो हसला. "खायला दिलं हुतं, दाजी. आमच्यात शिजवूनच खात्यात."

मी त्याच्यावर धावून गेलो. डोके त्याच्या छातीत घातले आणि आम्ही दोघे चिखलात पडलो. मी त्याचा गळा धरला. त्याने माझ्या बरगड्यांत गुडघा मारला, हाड मोडल्याचे मला आतून ऐकू आले. हाताला दगड लागला तो मी त्याच्या भुवईवर हाणला. भुवई उघडली, रक्त पावसाबरोबर त्याच्या डोळ्यात गेले, तरी त्याने माझे मनगट सोडले नाही. मी त्याच्या दंडाला चावलो. त्याने माझे तोंड चिखलात दाबले आणि दाबून धरले. माणसे गोळा झाली होती, कोणी मध्ये येईना. चिखल नाकात गेल्यावर मी हातपाय सोडले तेव्हा त्याने मला उलटे केले.

"ऐका आता," तो धापा टाकत म्हणाला. "मी न्हाई शिजवलं. मला काय कळतंय त्यातलं? तिनं शिजवलं. चुलीवर. सावलीत वाळवलं. म्हणाली, दादा, हे दे त्यांस्नी."

"खोटं बोलतोस."

"बघा मग. तकडं बघा."

गोठ्यापुढे गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. मी उठून तिच्यापर्यंत गेलो. डोण वायतुऱ्याने भरलेली होती. लांब चुणीदार पाने पाण्यावर पसरली होती आणि त्यांच्यातून दुभंगलेले तुरे वर आले होते, पाऊस झोडपत असताना ताठ उभे. माझ्या सोप्यातले कंद. मी दोन्ही हात आत घातले आणि मुठी भरून उपटू लागलो.

ती दारातून आली. डोणीच्या पलीकडे उभी राहिली आणि उजवा हात पाण्यात घातला, माझ्या हातांच्या आणि झाडांच्या मध्ये. दोन बोटे ताठ. माझ्याकडे बघितले नाही. मी त्या हाताला धक्का देऊन आणखी एक मूठ उपटली, तेव्हा मागून मेव्हण्याची काठी माझ्या कोपरावर बसली आणि हात लुळा पडला. तिने तरंगणारी झाडे एकेक गोळा करून पुन्हा बुडाशी बसवली. मी तिला विचारले, "येतीस का न्हाई?" तिने मान वर केली नाही. मग मेव्हण्याने तिला आत जा म्हटले आणि ती गेली.

माझ्या चुलत्यांनी आणि भावकीतल्या त्या म्हाताऱ्याने पुढे कानावर हात ठेवले. "आमी काय सांगणार? उपरण्याखाली काय झालं ते आमाला कुटं दिसलं?" म्हणजे साक्षही नाही. माझे कोपर अजून पुरते सरळ होत नाही. हळदीचा व्यापार वाढवला, घर वाढवले, दुसरे लग्न केले नाही.

लोक म्हणतात, तिनेच शिजवले, मग त्याचा काय दोष? मी हे मान्य करत नाही. सौदा तिने केला नव्हता, त्याने केला होता. बोटे त्याने दाबली होती. माल आतून आणून त्याने माझ्या हातात ठेवला आणि तो काय आहे हे ठाऊक असून ठेवला. आणि तिने शिजवले असतील, तर तिला यायचे नव्हते. यायचे नव्हते, तर ते तोंडाने सांगायला तिला कोणी अडवले होते? मी तिच्यासमोर उभा होतो. विचारत होतो. एका शब्दाचे काम होते, त्यासाठी मला अर्धा पावसाळा मेलेल्या कंदांपुढे बसवायची गरज नव्हती.

मेव्हणा अजून आहे. वाडीतली भांडणे त्याच्या ओट्यावर मिटतात म्हणे, आणि लोक त्याचा शब्द मानतात. मग माझे भांडणही त्याने मिटवावे. चार माणसे बसवावीत, मला बोलवावे, आणि उपरणे न टाकता उघड्या तोंडाने सांगावे की यायचे नाही हे तिने त्याला कधी सांगितले, आणि ते ठाऊक असून त्याने माझ्याशी सौदा का केला. मी येईन. हात बांधून बसेन. त्याने उत्तर द्यावे.